अबोल्यातलं गवत

म्हातारीला नदी ऐकू यायची.

गावाला नदी नव्हती. टेकडीच्या पायथ्याला एक ओढा होता, तोही उन्हं तापली की नुसता गोट्यांचा रस्ता होऊन जायचा. पण दुपारी वारा सुटला की खिडकीपलीकडचं वाळलेलं गवत डोलायला लागायचं, आणि खाटेवर डोळे मिटून पडलेली म्हातारी म्हणायची, "पाणी वाढलं गं आज."

"हो, वाढलं," धाकटी म्हणायची.

धाकटी म्हणजे तिची धाकटी सून. सुरुवातीला ती समजावायची की आई, ते गवत आहे. पुढे तिने नाद सोडला. न्हाणीघरात पाय घसरून म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते काही नीट जुळलं नाही. कुशीवर वळवताना ती अशी ओरडायची की शेजारची दारं उघडायची. उठता येत नाही, बसता येत नाही, अंग पुसायचं तेही दुसऱ्याने. अशा बाईकडे एखादी नदी असली तर कुणाचं काय जातं? धाकटी ओलं फडकं पिळून तिच्या पाठीवरून फिरवायची, आणि तिला स्वतःलाही क्षणभर काठावर बसल्यासारखं गार वाटायचं.

ते गवत ज्या पट्टीत उभं होतं तिचं नाव अबोला.

सासऱ्यांनी टेकडीखाली दोन मुलांसाठी दोन घरं बांधली होती, शेजारी शेजारी, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी सोडली होती. ही कुणाची, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोघांची." दोघांची म्हणजे कुणाची, हे सांगायला मात्र ते राहिले नाहीत. थोरला गवंडी. त्याला तिथे विटा आणि वाळू टाकायची होती. धाकटा सुतार. त्याला लाकडं ठेवायला पत्र्याची शेड हवी होती. एक म्हणाला माझी, दुसरा म्हणाला माझी, आणि माझी-माझी करता करता एका संध्याकाळी दोघांनी तोंडं मिटली ती मिटलीच. त्यानंतर त्या पट्टीत कुणी पाय टाकेना. पाय टाकला तर बळकावल्यासारखं व्हायचं, गवत कापलं तर वहिवाट लावल्यासारखं. दोन्ही घरच्या बाया आपापल्या कडेपर्यंत झाडत यायच्या आणि केरसुणी तिथेच थांबवायच्या. गवत वाढायचं, वाळायचं, त्याच्यावर नवं वाढायचं. गावाने पट्टीला नाव देऊन टाकलं. 'मांजर कुठे व्यायली?' तर 'अबोल्यात.' 'चेंडू कुठे गेला?' तर 'अबोल्यात गेला, आता विसरा.'

म्हातारी धाकट्याकडे राहायची. थोरला तिला भेटायला यायचा, नाही असं नाही, पण धाकटा कामावर गेला की यायचा आणि सायकलची घंटी ऐकू आली की उठायचा. एका खोलीत दोघांचा आवाज तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

त्या वर्षी ऊन लवकर आलं. टेकडी आधी पिवळी झाली, मग पांढुरकी, मग तिच्यावर हवा अशी थरथरायला लागली की टेकडीच हलतेय असं वाटावं. पलीकडच्या खोऱ्यात वणवा लागला. इकडून ज्वाळा दिसल्या नाहीत, नुसता वास आला. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, उशीला वास, म्हातारीच्या केसांना वास. तिकडून आलेला एक ट्रकवाला सांगून गेला की गोठे गेले, गंज्या गेल्या, आणि एका घरातून म्हाताऱ्याला काढेपर्यंत उशीर झाला.

हे ऐकलं त्या दिवसापासून धाकटीचा जीव थाऱ्यावर राहिना. म्हातारीची खोली घराच्या मागच्या कोपऱ्यात, टेकडीकडे. खिडकी अबोल्यात उघडणारी. खिडकीखाली, भिंतीलगत घराच्याच हद्दीत, नवऱ्याच्या फळ्यांची थप्पी. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला हलवायचं तर फळीवर घेऊन चौघांनी, सावकाश. आग काही सावकाश येत नाही.

गावची बैठक पाण्याच्या टाकीखाली भरली, कारण सावली तिथेच होती. बोलायला उभी राहिली दूधवाली. स्कूटरला किटल्या लटकवून ती रोज घरोघर फिरायची, आणि दूध मागच्या दाराने द्यायची, त्यामुळे गावाची मागची बाजू तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"पुढचं अंगण सगळ्यांचं आरशासारखं," ती म्हणाली, "आणि मागे बघावं तर वणव्याला पाट मांडून ठेवलाय. पन्हळीत पाला, भिंतीला सरपण, दारात मोडकी खाट."

"ती खाट कामाची आहे," भोंगा म्हणाला. भोंग्याचा आवाज असा होता की तो कानात सांगायला लागला तरी गल्ली ऐकायची. त्यावरूनच ते नाव पडलं होतं. "दोरी भरली की झाली."

"बघा! म्हणूनच सांगते. आपलं ते सामान, दुसऱ्याची ती अडगळ. तेव्हा आपलं घर आपण साफ करायचंच नाही. प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताचं घर करायचं, आणि घरमालकाने मध्ये तोंड घालायचं नाही."

"आणि माझं कोण करणार?"

"डाव्या हाताचा. तू आत बसून रड हवं तर."

लोक हसले. मग हळूहळू हसू विरलं, कारण एकेकाच्या ध्यानात आलं की थोरल्याच्या उजव्या हाताला धाकटा आहे. कुणी चपलेने माती उकरू लागलं, कुणी टाकीच्या तळाला लागलेला गंज बघू लागलं. थोरल्याने नाकातून "हं" केलं. धाकटा टेकडीकडे बघत राहिला. ठरलं ते ठरलं.

अबोल्याचं काय, हे विचारायला धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण अबोला ना कुणाच्या उजव्या हाताला होता, ना डाव्या. तो कुणाच्याच वाट्याला आला नाही.

आधी टेकडीचं काम घेतलं. टेकडीच्या कमरेला आडवा पट्टा काढायचा, गवत कापायचं, बुडखे खणायचे, जमीन उघडी करायची. आग तिथवर आली की तिला खायला काही मिळू नये, एवढंच त्यातलं शास्त्र. उजाडता उजाडता लोक विळे, फावडी, दाताळी घेऊन चढायचे आणि ऊन डोक्यावर आलं की उतरायचे. गवताला धार होती. हातांवर बारीक रेघा उठायच्या, घाम त्यांच्यात शिरायचा, आणि बायका पदर दाताखाली धरून चुळबुळ न करता कापत राहायच्या. दूधवालीने दोघा भावांना पट्ट्याच्या दोन टोकांना लावलं होतं. "टोकं सख्ख्यांची, मधलं सगळं गावाचं," ती म्हणायची.

धाकटीला ते काम आवडायला लागलं. इतकी वर्षं ती म्हातारीच्या खोलीत होती, खोलीच्या वासात होती. इथे वाकलं की फक्त गवत दिसायचं, सोनेरी, आणि विळ्याची सरसर. मध्येच वारा यायचा आणि सगळी टेकडी एका बाजूला झुकायची, मग परत सरळ व्हायची. तेव्हा तिला वाटायचं, म्हातारी खोटं बोलत नाही. पाणीच आहे हे. उताराला लागलेलं, गावाकडे निघालेलं पाणी. विळा हातात धरून ती उभी राहायची आणि कुणीतरी ओरडायचं, "धाकटे, झोपलीस का उभ्या उभ्या?"

"झोपले होते," ती म्हणायची आणि पुन्हा वाकायची.

दुपारनंतर घरं. भोंग्याची खाट गेली. भोंगा दाराआड उभा राहून, हळू आवाजात म्हणे, हळहळत होता; ती हळहळ टाकीपर्यंत ऐकू गेली. धाकटी आणि तिचा नवरा दूधवालीकडे गेले तर सगळ्यात जास्त अडगळ तिच्याच मागच्या दाराला निघाली. फुटक्या बादल्या, गोणपाटं, छपराला टेकलेला कडबा.

"अगं बाई," दूधवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे सगळं माझं?"

"मध्ये तोंड घालायचं नाही," धाकटा म्हणाला, आणि किती दिवसांनी तो हसला.

ते दोघं तिकडे असताना थोरला इकडे यायला हवा होता, पण तो आला नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा गावाबाहेर दारं बसवायला गेला तेव्हा तो आला. खांद्यावर शिडी, हातात खराटा. धाकटीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या दादा."

तो अंगणात पाऊल ठेवण्याआधी थांबला. अंगण ओळखीचं होतं, आईला भेटायला तो तिथूनच आत जायचा, पण आज त्याला त्या घराला हात लावायचा होता. त्याने शिडी लावली, वर चढला आणि पन्हळीतला पाला ओंजळीने खाली टाकू लागला. कुजलेला, वाळलेला, चिमणीच्या घरट्यासकट. मग उतरून त्याने खिडकीखालच्या फळ्यांना हात घातला. सागाच्या चांगल्या फळ्या होत्या, धाकट्याने जिवापाड जपलेल्या. एकेक फळी तो दोन्ही हातांवर आडवी घेऊन पुढच्या अंगणात नेत होता आणि अशी अलगद ठेवत होता की टोकाला ओरखडा उठू नये. गवंड्याचे हात, विटा झेलणारे. धाकटी बघत राहिली.

"कोण आहे गं बाहेर?" आतून म्हातारीने विचारलं.

"दादा आलेत."

"मग बोलत का नाही?"

थोरला खिडकीशी आला. खाटेवरून म्हातारीचा एक पाय चादरीबाहेर आला होता, सुकलेला, नखं नीट कापलेली. ती नखं कोण कापतं हे त्याला कळलं आणि तो धाकटीकडे न बघता म्हणाला, "आई, मीच आहे."

"ऐकू आलास," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "हा एक काठ झाला. दुसरा काठ कामाला गेलाय. या नदीचं असंच आहे बघ, दोन काठ एकदम कधी ऐकू येत नाहीत."

थोरला खराटा घेऊन निघाला. धाकटी त्याच्यामागे अबोल्याच्या कडेपर्यंत गेली. तिथे तो नेहमीच्या जागी थांबला.

"दादा, हे गवत," ती म्हणाली. "सगळं गाव साफ झालं. टेकडीचा पट्टाही होत आला. पण एखादी ठिणगी वरून उडाली तर ती थेट इथे येणार. आईंना मी एकटी कशी उचलू?"

"मी कापलं तर तो म्हणेल, वहिवाट लावली."

"नाही म्हणणार."

"तू सांगतेस. तो सांगत नाही."

संध्याकाळी तिने तेच नवऱ्याला सांगितलं. तो फळ्या मोजत नव्हता, नुसता त्यांच्यावरून हात फिरवत होता. एकीलाही ओरखडा नाही हे त्यालाही दिसलं होतं.

"मी विळा घातला की तो म्हणणार, बळकावली," तो म्हणाला.

"आईपेक्षा ती पट्टी मोठी आहे का तुम्हाला?"

"असं कुठे म्हणतोय मी?"

"म्हणत नाही, पण वागताय तसंच." तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. "दोघंही सारखे. आग लागल्यावर आधी विचाराल, ही कुणाच्या बाजूने आली!"

पहाटे ती स्वतःच विळा घेऊन अबोल्याच्या कडेला गेली. पलीकडून थोरली जाऊ घाईने आली. जाड, दम लागलेली, हातात पीठ.

"अगं थांब. तू कापलंस तर तुझ्या घराने कापलं असं होईल. पुन्हा नव्याने सुरू होईल सगळं."

"मग तुम्ही कापा, ताई."

"मी कापलं तर माझ्या घराने कापलं असं होईल."

दोघी दोन कडांना उभ्या राहिल्या. मध्ये छातीइतकं गवत. मग थोरलीला हसू फुटलं, धाकटीलाही फुटलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. त्याच वेळी दूधवालीची स्कूटर आली. तिने दोघींना बघितलं, गवताला बघितलं, आणि किटली खाली ठेवून थेट दोन्ही घरांच्या मध्यभागी उभी राहून ओरडली, "दोघे बाहेर या! आत्ता! दूध मिळणार नाही नाहीतर!"

दोघेही आले. एक बनियनवर, एक तोंडाला साबण लावलेला.

"ऐका. दोघांची आहे ना? मग तुझ्या कडेने तू कापत ये, तुझ्या कडेने तू. अर्धी तुझी, अर्धी तुझी. कुणी कुणाशी बोलायची गरज नाही. संपलं."

दोघांनी विळे आणले. खरं तर मध्ये दोरी धरायला हवी होती, पण दोरी धरायची म्हणजे एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि 'जरा इकडे घे' म्हणायचं. म्हणून दोरीचं नाव कुणी काढलं नाही. डोळ्यांच्या अंदाजाने काम सुरू झालं. वरपासून खालपर्यंत दोघे पाठमोरे, कधी समोरासमोर, पण नजर गवतात. कापलेलं गवत दोन्ही घरच्या बायका भाऱ्यांनी उचलून ओढ्याच्या गोट्यांत नेऊन टाकत होत्या. खाटेवर म्हातारी अस्वस्थ झाली. "पाणी ओसरायला लागलं का गं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

जन्मभर हक्कासाठी अडून बसलेले हे दोघं त्या दिवशी काय सभ्य झाले म्हणून सांगू! आपण अर्ध्याच्या पुढे गेलो असं व्हायला नको, त्याच्या वाट्याच्या एका काडीलाही आपला विळा लागायला नको, म्हणून थोरला अर्ध्याच्या अलीकडे थांबला. धाकटाही अर्ध्याच्या अलीकडे थांबला. दोघांनी पाठी सरळ केल्या, विळे पुसले आणि घरात गेले. अबोल्याच्या मधोमध, टेकडीपासून थेट म्हातारीच्या खिडकीसमोरून खाली रस्त्यापर्यंत, वीतभर रुंदीची गवताची एक ओळ तशीच उभी राहिली.

धाकटीने ती बघितली आणि ती तशीच नवऱ्यामागे आत गेली.

"हे काय ठेवलंत मधलं?"

"ते त्याचं आहे," नवरा म्हणाला.

कडेला जाऊन तिने जावेला विचारलं. जाऊ आत विचारून आली. "हे म्हणतात, ते तुमच्याकडचं."

"ताई, ही तर वात झाली."

"वातच की," थोरली म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "सकाळी आपण दोघी काढू. मी माझ्या हाताने काढीन. होऊ दे काय व्हायचं ते."

सकाळी धाकटी आधी म्हातारीकडे गेली. वारा कमी होता. उरलेली ओळ हलकेच हलत होती.

"एवढीशीच धार राहिलीय," म्हातारी म्हणाली. "पण आहे. रात्रभर ऐकत होते. तेवढी राहू दे हं, बाई. सगळं नका आटवू."

धाकटीच्या हातात विळा होता. तो तिने खाटेखाली ठेवला. दुपारपर्यंत राहू दे, तिने कडेला जाऊन जावेला सांगितलं, दुपारी आई झोपल्या की काढू. कुणावर माया केली की माणूस असा चुकतो.

दुपारी वारा फिरला. आधी उजेड बदलला. ऊन तांब्याच्या भांड्यातून आल्यासारखं अंगणात पडलं आणि सावल्या लालसर झाल्या. मग राख आली, एकेक, संथ, कुणाला काही घाई नसल्यासारखी. एक पापुद्रा म्हातारीच्या चादरीवर येऊन बसला. धाकटीने बोट लावलं तर तो नाहीसा झाला. आणि मग टाकीवरून भोंगा ओरडला. त्याला टाकीवर राखणीला बसवलं होतं ते त्याच्या आवाजासाठी, आणि त्या दिवशी त्याच्या आवाजाची कुणी थट्टा केली नाही.

"आला! टेकडीमागे आला! वर चला!"

गाव वर धावलं. ओली गोणपाटं, हिरव्या फांद्या, फवारणीचे पंप. धाकटी खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. टेकडीच्या माथ्यावर धूर उभा राहिला आणि त्याच्या बुडाशी नारिंगी कड दिसली. ती कड उतरू लागली, झपझप, गवत पीत. माणसं पट्ट्याच्या अलीकडे ओळीने उभी होती, एवढ्या लांबून मुंग्यांसारखी. आग पट्ट्याशी आली. थांबली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, उघड्या जमिनीपुढे उभी राहून धुमसत राहिली. वरून आरोळी उठली. पट्ट्याने काम केलं होतं. धाकटी उंबऱ्यावर बसली.

तेव्हा तिला सरसर ऐकू आली.

एखादी पेटती काडी वाऱ्याने पट्टा ओलांडून आली असावी. अबोल्याच्या वरच्या टोकाला, मधल्या ओळीला, एक ज्योत लागली होती. मोठी नव्हती, गुडघ्याएवढी. सरळ रेषेत, सांगितल्यासारखी, ती दोन घरांच्या मधून खाली येत होती.

"ताई!" धाकटी किंचाळली. "ताई, वात पेटली!"

तिने हंडा खिडकीच्या चौकटीवर ओतला. गोधडी पाण्यात बुडवून खिडकीवर लावली. म्हातारीच्या काखेत हात घातले तर म्हातारी ओरडली, म्हणून तिने हात काढले, आणि काय करावं ते न सुचून ती खाट आणि खिडकी यांच्यामध्ये उभी राहिली. आग आलीच तर आधी मला लागू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

टाकीवरून भोंग्याने ती ज्योत बघितली होती आणि त्याची हाक वर टेकडीवर पोचली होती. दोघा भावांनी वळून बघितलं. आपण काय उभं ठेवलं ते इतक्या वरून त्यांना स्वच्छ दिसलं. मोकळ्या जमिनीवर एक पेटती रेघ आणि तिच्या वाटेवर आईची खिडकी. दोघे उतारावरून पळत सुटले, एक या टोकाकडून, एक त्या. एकाची चप्पल गेली, दुसरा पडला आणि गडगडत आला. रेघेच्या एका बाजूने थोरला, दुसऱ्या बाजूने धाकटा, हातातलं ओलं गोणपाट आपटत, ज्योतीच्या मागे धावत खाली आले.

ज्योत खिडकीशी पोचली. जिथे फळ्यांची थप्पी असायची तिथे नुसती माती होती. वाऱ्याने कलून ज्योतीने भिंत चाटली, चौकटीचा रंग फुगवला, पन्हळीकडे वर बघितलं, तर पन्हळ रिकामी. ती तिथे क्षणभर रेंगाळली. तेवढ्यात एका बाजूने एक गोणपाट पडलं आणि दुसऱ्या बाजूने दुसरं. पलीकडून थोरली जाऊ बादली घेऊन आली, तिने ती दोघांच्या अंगावर ओतली आणि उरलेली आगीवर.

मग धूर, आणि धापा. अबोला खिडकीपासून वरपर्यंत मोकळा झाला होता. मध्ये एक काळी रेघ. तिच्या एका बाजूला एक भाऊ गुडघ्यांवर हात टेकून उभा, दुसऱ्या बाजूला दुसरा. भुवया जळालेल्या, तोंडं काळी, अंगावरून पाणी गळतंय.

"का ठेवलीस रे ती ओळ?" थोरला ओरडला.

धाकटीने खिडकीवरची गोधडी जरा बाजूला केली.

"मी?" धाकटा उसळला. "तुझी होती ती! तुझ्या वाट्याला हात कसा लावू?"

"माझी? डोळे फुटले का तुझे? मी माझ्या अर्ध्यापर्यंत आलो. पुढची सगळी तुझी होती!"

"तुझी होती!"

"अरे तुझी, तुझी!"

"सुताराला अर्धं कळत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"गवंड्याला कळत नाही असं तू म्हणतोस का मग?"

थोरली जाऊ रिकामी बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ज्या पट्टीपायी 'माझी, माझी' म्हणत यांनी तोंडं मिटली होती, ती आता 'तुझी, तुझी' म्हणत हे एकमेकांच्या अंगावर ढकलत होते, आणि कुणी थांबायला तयार नव्हतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळंच निघालं. शेड निघाली, विटा निघाल्या, वडील निघाले, आईचं दुखणं निघालं. आई घसरल्याचं मला सांगितलंस का, मी काय परका होतो? तू विचारलंस का, मी दार लावलं होतं का? ओरडता ओरडता थोरल्याचा पाय काळ्या रेघेवर पडला. धाकट्याचाही पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

खोलीत धूर विरत होता. तांबूस उजेडात म्हातारी डोळे उघडून छताकडे बघत पडली होती. खिडकीबाहेर आता गवताची एक काडी नव्हती. ती काय विचारणार, या भीतीने धाकटी खाटेशी वाकली.

"पाणी आलं का गं?" म्हातारीने विचारलं.

"आलं, आई."

"मोठं आलंय," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दोन्ही काठ ऐकू येताहेत."

बाहेर दोघं अजून भांडत होते. धाकटीने ओली गोधडी काढली आणि खिडकी सताड उघडी ठेवली.